मुलाची चूक होती, म्हणून भरपाईचा दावा सोडायचा का? अपघातातली हयगय आणि ‘शेवटची संधी’

आपल्याकडे अपघाती मौत झाली की जनाजा उठायच्या आधीच निकाल लागलेला असतो. “पोरगा राँग साइडने येत होता.” “हेल्मेट नव्हतं.” “गाडीवर तिघं होते.” मस्जिदीबाहेर उभी असलेली माणसं हे वाईट मनाने बोलत नाहीत. पण ते वाक्य घरात पोहोचतं आणि घरचे मान खाली घालतात. चूक आपल्याच मुलाची, मग भरपाई कोणत्या तोंडाने मागायची? सोयमपर्यंत कोणी विषय काढत नाही, चाळिसावा होतो, इद्दत संपते, आणि दावा लावायची मुदतही निघून जाते. मागे तरुण बेवा, दोन लेकरं आणि म्हातारे आईबाप राहतात.

सायन-पनवेल हायवे, ठाणे-बेलापूर रोड, पामबीच रोड, तळोजा-कळंबोलीचा ट्रकपट्टा आणि उरणच्या बंदराकडे जाणारे कंटेनर ट्रेलर यांच्या मधून रोज आपली माणसं कामावर जातात. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घ्यावा, या हेतूने आम्ही ही माहिती सोप्या भाषेत देत आहोत. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो: आपल्या माणसाची थोडी चूक होती म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. त्या चुकीच्या वाट्याएवढी रक्कम कमी होते, बाकीची मिळते.

अंशदायी हयगय म्हणजे काय?

कोर्टाच्या मराठीत निष्काळजीपणाला ‘हयगय’ म्हणतात. ज्याला इजा झाली किंवा जो मरण पावला, त्याच्या स्वतःच्या हयगयीनेही अपघात घडायला हातभार लावला असेल, तर ती ‘अंशदायी हयगय’. वकील मंडळी तिला ‘काँट्रिब्युटरी नेग्लिजन्स’ म्हणतात आणि विमा कंपनीच्या जवाबात हा शब्द बहुतेक वेळा येतोच.

हिशेब कसा होतो ते पाहा. समजा, न्यायाधिकरणाने एकूण भरपाई २० लाख रुपये ठरवली आणि मयताचा वाटा २५ टक्के धरला. तर ५ लाख वजा होतील आणि घरच्यांना १५ लाख मिळतील. वाटा ५० टक्के धरला तर १० लाख मिळतील. म्हणजे खरी लढाई “चूक होती की नव्हती” एवढ्यावर संपत नाही, ती किती टक्के यावर होते. टक्का ठरतो पुराव्यावर.

गाढवाचा खटला आणि ‘शेवटची संधी’

पूर्वी असं नव्हतं. इंग्लंडमध्ये १८०९ साली एक खटला झाला. एका माणसाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा बांबू टाकला होता. संध्याकाळी एक घोडेस्वार भरधाव आला, त्याला धडकला आणि जखमी झाला. कोर्ट म्हणालं, बांबू टाकणारा चुकला, पण तू नीट पाहून चालवलं असतंस तर वाचला असतास. त्याला एक पैसाही मिळाला नाही. स्वतःची थोडीही चूक निघाली की सगळा दावा बुडाला, असा तो नियम होता.

हा नियम फार कठोर आहे हे लवकरच लक्षात आलं. १८४२ साली डेव्हिस विरुद्ध मान हा खटला आला. एका माणसाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला रस्त्यावर चरायला सोडलं होतं. मागून घोडागाडी जोरात आली आणि गाढव मेलं. गाढव असं सोडणं चूकच होती. पण कोर्ट म्हणालं की गाडीवाल्याने बेताने गाडी हाकली असती तर टक्कर टळली असती. अपघात टाळायची शेवटची संधी त्याच्या हातात होती, म्हणून भरपाई त्यानेच द्यायची. यातून ‘शेवटच्या संधी’चा नियम निघाला.

ऐकायला हा नियम बरोबर वाटतो आणि आपणही चौकात उभं राहून असंच बोलतो: “अरे, त्याला दिसत होतं ना? ब्रेक मारायचा होता.” पण त्यात एक खोट आहे. सगळं ओझं एकाच्याच डोक्यावर जातं आणि दुसरा पूर्ण सुटतो. दोन मोटारी समोरासमोर येतात तेव्हा सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं. त्यात शेवटचा क्षण कोणाचा, हे शोधणं म्हणजे केसाची साल काढणं. म्हणून इंग्लंडने १९४५ साली कायदा करून चुकीची वाटणी सुरू केली. ज्याचा जेवढा वाटा, तेवढी त्याची जबाबदारी.

आपल्या देशात काय चालतं?

तो इंग्रजी कायदा भारताला लागू नाही, पण वाटणीचं तत्त्व आपल्या कोर्टांनी उचललं. सत्तरच्या दशकात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने एस.टी. बस आणि मोटारसायकलच्या टक्करीत शेवटच्या संधीचा जुना नियम बाजूला ठेवला. मोटारसायकलवाल्याचा दोष दोन तृतीयांश आणि बस ड्रायव्हरचा एक तृतीयांश धरला. लक्षात घ्या, जास्त चूक मयताची असूनही घरच्यांना एक तृतीयांश भरपाई मिळाली.

मुंबईचं उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निकालात आहे. बेस्टची बस आणि सायकलवरचा १८ वर्षांचा मुलगा. मुलानेही रस्त्याचा नियम पाळला नव्हता. बेस्ट चालवणारी मुंबई महानगरपालिका हा मुद्दा घेऊन दिल्लीपर्यंत गेली. सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या संधीचा नियम कृत्रिम असल्याचं सांगितलं आणि मुलाचा वाटा २५ टक्के ठरवला. बाकी जबाबदारी बसचीच राहिली.

अगदी अलीकडचा निकाल जुलै २०२५ चा आहे. कोइम्बतूरमध्ये इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून हायवेने जात होता. पुढच्या कारने अचानक ब्रेक मारला. तो कारला मागून धडकून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. गरोदर बायकोला उलटीसारखं झालं म्हणून थांबलो, असं कारवाल्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने सांगितलं की हायवेवर मागच्यांना इशारा न देता एकदम थांबणं ही हयगयच आहे. वाटणी अशी झाली: कार ५० टक्के, बस ३० टक्के आणि विद्यार्थी २० टक्के, कारण त्यानेही पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं. एकूण भरपाई सुमारे १ कोटी १४ लाख ठरली. २० टक्के वजा जाऊन त्याला सुमारे ९१ लाख मंजूर झाले.

आता विचार करा. जुन्या नियमाने पाहिलं तर शेवटची संधी कोणाची? बसवाल्याची म्हणावी तर कारवाला सुटतो. विद्यार्थ्याची म्हणावी तर पाय गमावलेल्या मुलाच्या हाती काहीच येत नाही. म्हणून आज शेवटची संधी हा एकमेव निकष राहिलेला नाही. वाटणी करताना तपासायच्या अनेक गोष्टींपैकी ती एक आहे.

नियम मोडला म्हणजे अपघाताला जबाबदार झाला?

इथेच आपल्या लोकांची सगळ्यात मोठी गल्लत होते. कायदा मोडणं वेगळं आणि त्यामुळे अपघात होणं वेगळं. दोन्हींमध्ये दुवा दाखवावा लागतो, आणि तो दाखवायची जबाबदारी असा आरोप करणाऱ्याची, म्हणजे बहुतेक वेळा विमा कंपनीची असते. नुसतं जवाबात लिहून भागत नाही.

ट्रिपल सीट: दुचाकीवर तिघे बसणं गुन्हा आहे. पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशी केस आली की मोटारसायकलवर तिघे होते आणि कारने मागून धडक दिली. न्यायालय म्हणालं, तिघे बसल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली असं दाखवल्याशिवाय भरपाई कापता येणार नाही. मागून ठोकर बसली तेव्हा दोघे असते तरी बसलीच असती.

लायसन्स नसणं: २००८ च्या निकालात लायसन्स नसलेल्या अल्पवयीन मुलाबद्दल हेच सांगितलं गेलं. लायसन्सशिवाय चालवणं गुन्हा आहे, पण तेवढ्याने अपघात त्याच्या हयगयीने झाला असं ठरत नाही.

हेल्मेट: हेल्मेट नसल्याने अपघात होत नाही, डोक्याची इजा मात्र वाढते. त्यामुळे मार डोक्याला नसून पायाला असेल तर हा मुद्दा फारसा टिकत नाही. मार डोक्याला असेल तर काही कोर्टांनी रक्कम कापलेली आहे, काहींनी नाही.

उभा ट्रेलर: आपल्या भागात रात्री कडेला, कधी कधी रस्त्यातच, लाइट न लावता उभे केलेले ट्रेलर-डंपर नेहमी दिसतात. मागून धडकलेल्यावर सगळा दोष टाकायची पद्धत आहे: “समोर बघून चालवायचं ना!” पण २०१८ मध्ये रस्त्याच्या मधोमध, पार्किंग लाइट न लावता उभ्या असलेल्या गॅस टँकरला रात्री कार धडकल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने कारवाल्यावर टाकलेला निम्मा दोष सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला. पूर्ण जबाबदारी टँकरची धरली. याचा अर्थ मागून धडकणारा प्रत्येक जण निर्दोष असा मात्र नाही. दिवसाउजेडी, चालत्या ट्रकला, अंतर न ठेवता धडकलेल्यांचे दावे फेटाळलेही गेले आहेत.

लहान मूल: रस्ता ओलांडणाऱ्या छोट्या मुलाकडून मोठ्या माणसाएवढी समज कोर्ट धरत नाही. शाळा, मदरसा, बाजार अशा ठिकाणी मूल अचानक पळू शकतं हे ड्रायव्हरनेच गृहीत धरायचं असतं.

मागे बसलेला आणि रिक्षातला प्रवासी

समजा, कोपरखैरण्यात रिक्षा आणि डंपरची टक्कर झाली, दोघांचीही चूक होती आणि रिक्षातली बाई जखमी झाली. तिची काय चूक? काहीच नाही. याला ‘संयुक्त हयगय’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे की अशा वेळी जखमी व्यक्ती पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते. त्या दोघांनी आपसात काय वाटून घ्यायचं ते त्यांचं ते बघतील.

मोटारसायकलवर मागे बसलेला भाऊ, कारमध्ये बसलेली बायको-मुलं, सगळ्यांना हेच लागू. ड्रायव्हरची चूक प्रवाशांच्या गळ्यात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही पुन्हा सांगितलं. म्हणून बाप गाडी चालवत होता आणि त्याचीही चूक होती, तरी मागे बसलेल्या मुलीचा दावा कापला जायला नको. वकिलाला हा मुद्दा ठासून मांडायला सांगा.

चूक पूर्ण आपलीच निघाली तर?

तरीही काही दारं उघडी असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली दुसऱ्या वाहनाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख मागता येतात. कलम १६६ चा दावा मात्र हयगय सिद्ध करून लढायचा असतो आणि त्यात रक्कम बरीच मोठी असू शकते. कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा बंद होऊ शकतो. म्हणून विमा कंपनीचा माणूस कागद घेऊन घरी आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

ठोकर मारून गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर कलम १६१ खाली मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. त्यासाठी महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करायचा. आणि गाडी स्वतःच्याच नावावर असेल तर विमा पॉलिसी काढून बघा. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्यात असू शकतो. त्याला मात्र वैध लायसन्स लागतं.

तकदीर आणि जबाबदारी

काही घरांत वेगळंच कारण ऐकायला येतं: “अल्लाहची मर्जी होती, पैसे घेऊन काय करायचं?” सब्र करणं आणि हक्क सोडणं या दोन गोष्टी एक नाहीत. ज्या दीनने आधी ऊंट बांधायला आणि मग तवक्कुल करायला शिकवलं, त्यानेच चुकून झालेल्या मौतीवरही दियत ठेवली आहे. मौत तकदीरने येते म्हणून चूक करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

आज आपण चर्चा करतो तो प्रश्न फिक्हच्या जुन्या किताबांतही आहे. दोन घोडेस्वार एकमेकांना धडकले आणि दोघेही मेले, तर काय? हनफी मसलकात प्रत्येकाच्या बाजूने दुसऱ्याची पूर्ण दियत द्यायची. इमाम शाफई यांच्या मते निम्मी, कारण प्रत्येक जण अर्धा स्वतःच्या कृतीने आणि अर्धा समोरच्याच्या कृतीने मेला. आपल्या भागात कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आणि दख्खनी व उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी, त्यामुळे दोन्ही मतं आपल्याच शेजारी नांदतात. न्यायाधिकरणात अर्थात मोटार वाहन कायदाच चालतो. पण चुकीची वाटणी हा विचार आपल्याला परका नाही, आणि दोन्ही मसलकांत “त्याचीही चूक होती” म्हणून वारसांना रिकाम्या हाताने परत पाठवलेलं नाही.

पहिले काही दिवस महत्त्वाचे

टक्का पुराव्यावर ठरतो आणि पुरावा लवकर पुसला जातो. घरच्यांना दुःखातून सुचत नाही, तेव्हा नातेवाईकांपैकी किंवा जमातीतल्या एखाद्या जाणत्या माणसाने ही कामं अंगावर घ्यावीत.

१. सगळ्यात आधी उपचार. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला योजनेतल्या रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. चूक कोणाची हे तिथे पाहिलं जात नाही.

२. जागेचे फोटो काढा: गाड्या कशा पडल्या, ब्रेकच्या खुणा, रस्त्यावरचे दिवे, उभ्या गाडीचे लाइट किंवा रिफ्लेक्टर होते का, खड्डा, सिग्नल.

३. आजूबाजूची दुकानं, सोसायटी, पेट्रोल पंप यांच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांतच पुसलं जातं. ते ताब्यात घेण्यासाठी पोलिसांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

४. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा वाचून बघा. रस्त्याची रुंदी, धडकेची जागा, वाहनांची दिशा चुकीची लिहिली असेल तर लगेच लेखी हरकत द्या. पंचनाम्यातली एक ओळ पुढे २५ टक्क्यांचा फरक करू शकते.

५. साक्षीदाराचं नाव आणि नंबर लिहून ठेवा. जबाब देताना ऐकीव गोष्ट सांगू नका. “लोक म्हणतात तो जोरात होता” हे वाक्य घरच्याच जबाबात आलं की विमा कंपनी तेच पुढे करते.

६. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. त्याच्या प्रती मागा.

७. एफआयआर मयताच्याच नावाने झाला म्हणून हिंमत सोडू नका. दुसरा ड्रायव्हर फौजदारी केसमधून सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप पडत नाही. तिथे पुराव्याचा निकष वेगळा आणि सौम्य असतो.

८. मुदत लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. मुदत उलटून गेली असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय विषय सोडू नका.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागतो. वाशी, नेरूळ, बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, तळोजा, पनवेल, उलवे, उरण हा भाग रायगड जिल्ह्यात येतो. अपघात जिथे झाला तिथे किंवा आपण जिथे राहतो तिथे, दोन्हीपैकी कुठेही दावा लावता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

रस्त्यावरची शेवटची संधी

कोर्टात वाटा टक्क्यांत निघतो, रस्त्यावर सगळा हिशेब सेकंदांचा असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर काही दिसून ब्रेक दाबेपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. मग कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात, म्हणजे एकूण ३७. वेग ९० केला तर हेच अंतर सुमारे ७० मीटर होतं. वेग दीडपट, पण अंतर जवळपास दुप्पट. पावसात ते आणखी वाढतं. म्हणजे शेवटची संधी ट्रेलर दिसतो त्या क्षणी येत नाही. वेग किती ठेवायचा आणि पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं, हे ठरवतो तेव्हाच ती वापरलेली किंवा घालवलेली असते.

एक शेवटचं, आईबापांसाठी. दहावी-अकरावीच्या पोराला बाईकची चावी देऊ नका. कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. त्याने कोणाला उडवलं, तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देऊन ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते. घर विकायची वेळ येते.

आणि पुढच्या वेळी मस्जिदीबाहेर कोणी “चूक त्याचीच होती” म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: “किती टक्के?” मग त्या घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बाजूला घ्या आणि पंचनाम्याची प्रत मिळाली का, सहा महिने कधी पूर्ण होतात, हे सांगा. बेवा आणि यतीमांच्या मदतीसाठी चंदा गोळा करणं नेकीचं काम आहेच. त्यांचा स्वतःचा हक्क त्यांना मिळवून देणं हीसुद्धा मोठी नेकी आहे.